दंडावरची पट्टी

“दुखते पाठीत अन् पट्टी चिकटवते दंडाले. उद्या डोकं दुखलं तं चपलेले मलम लावतीन हे.”

मामाजी हे भिंतीकडं तोंड करून बोलले. भिंतीलाच सांगत होते. पण माझा तळहात त्यांच्या डाव्या दंडावर दाबून धरलेला होता आणि मी मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे मोजत होते, त्यामुळं भिंतीच्या आधी ते मलाच ऐकू आलं. आकडा चुकला. मी पुन्हा एकपासून सुरू केलं.

नागपूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं मला हे सगळं दोनदा करून दाखवलं होतं. केस कात्रीनं कापायचे, वस्तरा लावायचा नाही. साबण नको, नुसतं पाणी, आणि कातडी कोरडी होऊ द्यायची. पट्टी चिकटवली की तळहातानं अर्धा मिनिट दाबून धरायची. तीन दिवसांनी काढायची आणि नवी दुसऱ्या जागी लावायची. सिस्टरच्या तोंडून ऐकताना सोपं वाटलं होतं. तिला काय माहीत, बावीस वर्षांत मी सासऱ्यांच्या हातात चहाचा कप कधी सरळ दिला नव्हता. स्टुलावर ठेवायचा, पदर सावरायचा आणि मागं सरायचं. आता त्याच माणसाच्या उघड्या दंडावर हात ठेवून मी तीसपर्यंत मोजत होते आणि आम्ही दोघंही एकमेकांकडं न पाहण्याचं काम मन लावून करत होतो.

दुसरं कोणी करणारं नव्हतंच. माझ्या नवऱ्यानं, अंकुशनं, पहिली पट्टी लावून पाहिली, पण बापाकडं न पाहता कागद सोलला आणि पट्टी स्वतःलाच चिकटून तिची सुरळी झाली. सासूबाईंना, म्हणजे पार्वताबाईंना, जवळचं दिसत नव्हतं. धाकटे दीर सुगत शहापूरच्या एका शाळेत क्लार्क, ते पंधरा दिवसांतून एकदा येणार. राहिले कोण? रत्नमाला.

मामाजींचं नाव यादोराव. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत चौतीस वर्षं जमिनीखाली काढलेली. सुरुंग उडवून झाला, धूर बसला की सगळ्यांच्या आधी आत जायचं आणि लांब सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, छत ठोकून पाहायचं, हे त्यांचं काम. छत पक्कं असलं की टण्ण वाजतं. आतून सुटलेलं असलं की धप्प. धप्प ऐकलं की ते माणसांना मागं हटवायचे आणि मग तो दगड पाडायचे. चौतीस वर्षांत त्यांच्या पाळीत एक माणूस दगडाखाली गेला नाही. पण त्या सवयीनं घरात वैताग आणला. बाजारातलं टरबूज काय, नवं बांधलेलं न्हाणीघर काय, माझ्या लेकीला, रीनाला, पाहायला आलेले पाहुणे काय, सगळं ठोकून बघणार. पाहुण्यांना शब्दांनी.

आणि गेले दोन महिने ते आम्हाला ठोकत होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी अंकुशला आणि सुगतला आत बोलावून दार लावून घेतलं होतं. मी बाहेर कागदांची पिशवी धरून उभी. सासूबाई वऱ्हांड्यातल्या बाकावर. दोघं भाऊ बाहेर आले तेव्हा अंकुश माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “अल्सर हाये म्हणाचं. मायलेबी तेच सांगाचं.” सुगत आपल्या बुटांकडं पाहत होते. मी मान हलवली.

त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द नव्हता. टीव्हीवर तंबाखूची जाहिरात लागली की अंकुश रिमोटवर झडप घालायचा. एरवी अंगणात साप निघाला तरी हा माणूस आधी चहा संपवतो. शेजारचे भय्याजी विचारपूस करायला आले की मी त्यांना ओट्यावरच बसवायची, आत येऊ द्यायची नाही. कागदांची पिशवी धान्याच्या कोठीमागं. नातेवाइकांचा फोन आला की आम्ही उठून अंगणात जायचो. घरात एक आजारी माणूस होता आणि आम्ही सगळे चोरासारखे वागत होतो.

“येवढं नागपूर केलं,” मामाजी म्हणायचे, “चार येळा नळीत टाकलं, आठ बाटल्या रक्त काढलं, अन् शेवटी हे दिलं? सेलोटेप?”

“बाबा, तेच औषध हाये,” अंकुश म्हणायचा. “कातडीतून आत जाते.”

“कसं जाते? बिब्बा लावला तं कातडं जळते, माणसाले समजते का लागलं. बाम लावला तं डोळ्याले पाणी येते. ह्याले ना वास, ना चटका. दार न वाजवता घरात घुसते तो पाहुणा नसते, अंकुश. तो चोर असते.”

मग एक दिवस त्यांनी नवाच आरोप काढला. आठ वर्षांचे असताना ते बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेले होते, दीक्षेला. बावीस प्रतिज्ञा आजही पाठ. मी पट्टी दाबत होते तेव्हा म्हणाले, “गंडा सोडला, ताईत सोडला, देव नदीत सोडले. अन् मह्याच घरात मले ताईत चिकटवते. दोरा तरी दिसते बाप्पा, हे तं दिसतबी नाई.”

“ताईत नाही मामाजी. डॉक्टरनं दिली.”

“मंग डॉक्टरनं काहून नाई सांगतलं मले? मह्या आंगाले लावाची अन् सांगाचं पोट्टेयले?”

मी तीसला पोहोचले नव्हते, तरी हात काढला.

पण पट्टीनं काम केलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. आधी ते गुडघे पोटाशी घेऊन रात्रंदिवस कण्हायचे. पट्टी लागल्यावर चौथ्या दिवशी उठून भिंतीला टेकून बसले. आठवड्यानं मासोळीचा रस्सा मागितला आणि त्यात मीठ कमी आहे म्हणून मला बोलले. मी चुलीशी जाऊन पदर तोंडात धरून रडले. कोणी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवल्यावर मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

त्याच सुमारास भय्याजींनी ओट्यावरून आत ऐकू जाईल अशा आवाजात ज्ञान दिलं. “त्या पट्टीत अफूवानी काईतरी असते म्हणते. माणूस गुंगीतच राह्यते.”

दुसऱ्या दिवसापासून मामाजी भिंतीकडं पाहायचं सोडून माझ्याकडं पाहू लागले.

“रत्नमाला, हे लावलं का मले झोप काहून येते वो?”

“आराम पडते ना, म्हणून.”

“आराम पडला तं माणूस उठून कामाले लागते.” “कोण लावाले सांगतलं तुले? अंकुशनं का सुगतनं?”

“डॉक्टरनं.”

“हं,” ते म्हणाले. तेवढंच. पण सब्बल कुठं लागली आणि काय वाजलं, ते मला कळलं.

पट्टी सुरू झाल्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी भात घेऊन गेले तर ते उठेनात. घोरणं वेगळंच. एक श्वास यायचा आणि मग दुसरा येतो की नाही, अशी वाट पाहायला लावायचा. मी हाक मारली, खांदा हलवला. पापणी उघडून पाहिली तर बाहुली मोहरीएवढी. सिस्टरनं जे जे सांगितलं होतं ते एकदम आठवलं. मी पट्टी ओरबाडून काढली, ओल्या फडक्यानं दंड पुसला आणि फोन लावला.

“जवळच्या दवाखान्यात न्या, लगेच. काढलेली पट्टी सोबत दाखवा,” सिस्टर म्हणाली. “बोलत ठेवा त्यांना. आणि सांगा, ताप होता का? पट्टीला गरम काही लागलं का? शेक, गरम पाण्याची पिशवी, ऊन?”

“नाही,” मी म्हटलं. “काहीच नाही.”

भय्याजींच्या पोराच्या जीपमध्ये घालून त्यांना तुमसरला नेलं. सगळा रस्ता मी त्यांच्या कानाशी ओरडत होते. दुसरं काही सुचेना म्हणून विचारत होते, “मामाजी, छत कसं वाजते? मामाजी, पक्कं का पोकळ?” आणि ते मधूनच, खूप खालून आल्यासारखं म्हणायचे, “हट मांगं... हट.” तुमसरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि एक दिवस ठेवून घेतलं. ते डोळे उघडून चहात साखर कमी आहे म्हणाले तेव्हा आम्ही घरी आलो.

घरी सुगत येऊन बसलेले. त्यांनी आधी पट्ट्यांचं खोकं पाहिलं, मग मला.

“वैनी, खरं सांगा. दोन लावल्या काय?”

“नाही भाऊजी. एकच.”

“रागावू नका, इचारून राहिलो. दिवसभर कण्हणं आयकून माणूस थकते. कोणीबी थकते. एका पट्टीनं झोपते, तं दोननं बरं झोपतीन, असं वाटू शकते.”

मी अंकुशकडं पाहिलं. त्यानं काहीतरी म्हणावं, असं मला फार वाटलं. तो मोबाइलवर बोट फिरवत राहिला. स्क्रीन बंदच होती.

सासूबाई दारात बसून लसूण सोलत होत्या.

सुगतनं खोकं आलमारीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. “आता पट्टी नोको. गोळ्याच देऊ.” त्यांनी शाळेतून चार दिवसांची सुट्टी काढली. सिस्टरला फोन करू म्हटलं तर म्हणाले, मी करतो. केला नाही.

गोळ्या उलटून पडायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुखणं परत आलं. ते लांबून येतं, हे मला माहीत झालं होतं. आधी मामाजी बोलायचे थांबतात, मग पायाची बोटं आवळतात, मग दुपट्टा दातात धरतात. चौतीस वर्षं अंधारात राहिलेला माणूस, ओरडायचा नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं होतं.

मी मात्र आता सगळ्यांवरच संशय घेऊ लागले होते. पट्टी एकच होती, हे मला ठाऊक. मग झालं काय? मामाजींनी ती खाजवली? भय्याजींनी येऊन त्यावर काही जडीबुटी चोळली? अंकुशनंच बापाचे हाल पाहवेनात म्हणून...? हा विचार आला तेव्हा माझीच मला लाज वाटली, पण तो आला तर खरा. बावीस वर्षं ज्याच्या ताटाशेजारी जेवले त्याच्याकडं मी जेवताना चोरून पाहत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुणं करताना मामाजींची बनियन हातात आली. दंडाजवळ, डाव्या बाहीला, काळा डाग. घासला तर पसरला. चिखल्याच्या बाईला हा डाग ओळखावा लागत नाही, ती आयुष्यभर तोच धूत असते. मँगनीजचा. साबणानं जात नाही, बाईच जुनी होते. पण मामाजी खाणीतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. मग बाहीला हे काळं आलं कुठून?

मी ओली बनियन तशीच घेऊन मागच्या अंगणात गेले. सासूबाई चुलीपुढं उकिडव्या बसून चिमट्यानं राखेतून काहीतरी बाहेर ओढत होत्या. मोठ्या बटाट्याएवढा काळा गोटा. मँगनीजचा. आमच्या वस्तीत घरोघरी असा एक असतो. विटेपेक्षा जड, आणि एकदा तापला की दोन वेळचा भात शिजेपर्यंत थंड होत नाही. बाळंतिणीची कंबर, म्हाताऱ्यांचे गुडघे, सगळं त्याच्यावर शेकलं जातं. सासूबाईंनी तो जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळला आणि मान वर केली तर समोर मी.

“आत्याबाई, हे कोठं लावता तुम्ही मामाजीले?”

“पाठीले. आखीन कोठं?”

“अन् दंडाले?”

त्यांनी बनियनकडं पाहिलं. लपवायचा प्रयत्न केला नाही.

“पट्टीवर ठेवत होती,” त्या म्हणाल्या. “तू गिरणीवर गेली का. मले वाटलं, थंड कातडीतून औषध कसं जाईन? शेकलं तं जिरते. तेल जिरवतो तसं. अन् त्यायले आरामबी पडे, लवकर झोप लागे. त्या दिवशी जराशीक जास्त येळ धरला.” त्यांनी धडप्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, “त्यानंच झालं का वो?”

मी खाली बसले. बनियनचं पाणी मांडीवर गळत होतं.

“हो,” मी म्हटलं. “गरमीनं औषध एकदम आत जाते. तीन दिवसांचं एका दुपारी.”

“हे तुले माहीत होतं?”

माहीत होतं. सिस्टरनं सांगितलं होतं, कागदावरही लिहिलेलं होतं. ते मी सासूबाईंना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, अल्सरले येवढं जहाल औषध कायले? आणि त्याचं उत्तर आमच्या घरात नव्हतं. म्हणून मी कागद कोठीमागं ठेवून दिला आणि एकटीच शहाणी होऊन बसले. फोनवर सिस्टरनं विचारलं तेव्हाही नाही म्हणून मोकळी झाले, घरात कोणाला न विचारता.

“तुमी सांगतलं असतं हे कायची पट्टी हाये, तं मी शेकली असती काय?” सासूबाई म्हणाल्या. रागानं नाही. पाणी किती आलं हे विचारावं तसं.

आतून मामाजींचा आवाज आला. दुपट्टा तोंडातून सुटला होता.

आम्ही दोघी आत गेलो. अंकुश खाटेच्या पायथ्याशी बसून बापाचे पाय दाबत होता. सुगत दाराच्या चौकटीला टेकून उभे.

“भाऊजी, किल्ली द्या,” मी म्हटलं.

“वैनी, पुन्हा तसंच झालं तं?”

“नाई होत,” सासूबाई म्हणाल्या. “ते मी केलं. दगड तापवून पट्टीवर शेकली. रत्नमालाले कायले बोलला रे तू? माफी माग तिची, अन् किल्ली दे.”

सुगत आईकडं पाहत राहिले. मग खिशात हात घालून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. माफी मागता आली नाही, पण हात थोडा वेळ तिथंच राहिला.

आधी मी सिस्टरला फोन लावला आणि या वेळी दगडाचं खरं सांगितलं. तिनं तुमसरच्या डॉक्टरांचा कागद वाचायला लावला, श्वास मोजायला लावला, दहा प्रश्न विचारले आणि म्हणाली, लावा, पण जवळ बसून राहा, आणि घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा. मी आलमारीतून नवी पट्टी काढली. उजवा दंड पाण्यानं पुसला, कोरडा होऊ दिला. पाकीट फाडलं. आणि मामाजींनी हात अंगाशी घट्ट आवळून घेतला.

“नाई.”

“मामाजी, आराम पडन.”

“पहिले सांगा.” एकेक शब्द दातांमधून येत होता. “हे कायची पट्टी हाये? मी... मराले टेकलो होतो हिच्यानं. मले माहीत नाई का? सांगा, मंग लावा. नाईतं राहू द्या.”

“बाबा, अल्सरची हाये ना,” अंकुश म्हणाला.

“धप्प,” मामाजी म्हणाले.

“आतडीले सूज हाये, बाबा,” सुगत म्हणाले. “जुनी सूज. जाईन हळूहळू.”

“धप्प.”

ते माझ्याकडं वळले. घामानं डोळे मिटत होते, पण ते जोर करून उघडे ठेवत होते. पट्टी माझ्या बोटांवर होती, पाठचा कागद निघालेला, वाऱ्यानं हलत होती. मी तोंड उघडलं. अंकुश माझ्याकडं पाहून मान हलवत होता, नाही, नाही, लहान पोर हलवतं तशी. मी तोंड मिटलं. दुखण्याची एक कळ आली आणि मामाजींचं सगळं अंग खाटेवर धनुष्यासारखं वर उचललं गेलं, पण आवळलेला हात सुटला नाही. माझ्या मनात आलं, हा माणूस असाच मरेल, आणि आम्ही चौघं भोवती उभे राहून एक शब्द वाचवत बसू.

तेव्हा सासूबाई पुढं झाल्या. पोरांसमोर त्या नवऱ्याच्या खाटेवर कधी बसल्या नव्हत्या, त्या बसल्या. त्यांनी मामाजींचा आवळलेला हात दोन्ही हातांनी धरला.

“माय, तू जाय बरं तिकडं,” अंकुश म्हणाला. “तुले माहीत नाई काई.”

“नऊ दिवस त्या बाकावर कोण बसलं होतं रे?” त्या त्याच्याकडं न पाहता म्हणाल्या. “मले वाचता येत नाई, पाहता येते. केस गेलेल्या बाया पाह्यल्या, गळ्याले भोक पाडलेले माणसं पाह्यले. अल्सरवाले तिथं बसत नाई, बह्याडा.” मग त्या मामाजींच्या अगदी तोंडाजवळ वाकल्या, त्यांना कमी ऐकू येतं असं समजून बोलतात तशा मोठ्या, सरळ आवाजात.

“कॅन्सर हाये जी तुमाले. बरा होत नाई तो आता. हे पट्टी फक्त दुखू नये म्हणून हाये.”